कॉम्प्युटरला ऊन लागलंय!

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते तसे ते दुकानात आपोआप साचतात. पावसाळ्यात थोडे, दिवाळीत बरे, आणि एप्रिल उजाडला की विचारूच नका!

मी आणि सादिक, दोघांचं मिळून मंगळवार पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेपासूनची दोस्ती. तो आत बसून हातानं काम करतो, मी बाहेर बसून तोंडानं. उन्हाळ्यात निम्मं कोल्हापूर एकच तक्रार घेऊन येतं, "चालू हुतोय, खरं घटकाभरानं आपोआप बंद पडतोय." कारण साधं असतं. आत उष्णता कोंडते, आणि जळून जाण्याआधी मशीन शहाण्यासारखं स्वतःला बंद करून घेतं. उपायही साधा. भिंतीपासून लांब ठेवा, धूळ काढा, हवा खेळू द्या. संपलं!

पण एवढ्यावर थांबेल तो कोल्हापूरकर कसला? सांगितलेला उपाय करायचा, आणि वर स्वतःचा एक जोडायचा, ही इथली रीत. आणि तो जोडलेला उपाय अगदी गंभीर चेहऱ्यानं मला समजावून सांगायचा!

इथं माझी पंचाईत होते. मला हसू आवरत नाही. त्यापायी दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं कायमची रुसली. शेवटी सादिकनं तंबी दिली, "संजा, गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसायचं न्हाय. हसू आलं की टेबलाखाली वाकून स्क्रू हुडकायचा." तेव्हापासून उन्हाळाभर मी टेबलाखालीच असतो.

* * *

एसटीतून रिटायर झालेले एक काका आहेत. आयुष्यभर कंडक्टर, त्यामुळं फोनवरही आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. त्यांचा फोन आला, "कॉम्प्युटर लई तापतोय. काय करू?"

मी म्हटलं, "काका, जरा गारव्याला ठेवा. हवा लागू द्या."

"बास! कळलं!" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एवढ्या लवकर ज्याला कळतं, त्याला काहीतरी वेगळंच कळलेलं असतं.

चार दिवसांनी मलाच बोलावणं आलं. जाऊन बघतो तर खिडकीखाली तिवई, तिवईवर ओली वाळू, वाळूवर कॉम्प्युटरचा डबा, आणि डब्याभोवती ओलं गोणपाट सुतळीनं आवळून बांधलेलं! वर तांब्या पालथा घालायचा तेवढा राहिला होता.

"काका, हे काय?"

"माठाला काय करतो आपण?"

"ओलं फडकं गुंडाळतो."

"मग?"

मी सुतळी सोडली, पत्रा उघडला. आत बोटभर पाणी. म्हटलं, "काका, पाणी आत गेलंय सगळं."

काकांनी वाकून बघितलं. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विनातिकीट चढलोय. म्हणाले, "झिरपल्याबिगर गार कसा हुईल?"

* * *

आमच्याच पेठेत एक शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. काकूंना घरात उघडी वस्तू बघवत नाही. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, गॅसच्या टाकीला झालर लावलेला घागरा. रिमोटला तर दोन आहेत, एक रोजचं आणि एक पाहुणे आल्यावरचं.

त्यांच्या मुलाचा कॉम्प्युटर तापायला लागला म्हणून गेलो. आधी मला कॉम्प्युटर दिसेचना. टेबलाखाली जांभळ्या मखमलीत काहीतरी उभं होतं, खाली गोंडे, पुढं जरीची पट्टी. मला वाटलं, यांच्याकडं कुठल्या देवाची पालखी आलीय. चालू करायच्या बटणापुरतं तेवढं एक गोल भोक, त्यालाही काज करून रेशमानं शिवलेलं!

"काकू, हे काढायला लागतंय. त्याला श्वास घेता येत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "भाऊ, धूळ बसती की वो!"

"बसू दे. धूळ पुसता येते. पण मे महिन्यात मखमल घालून तुम्ही तरी बसाल का?"

हे मात्र काकूंना पटलं. मला वाटलं, चला, एक तरी गिऱ्हाईक एका फटक्यात समजलं. खुशीत घरी आलो.

पंधरवड्यानं मुलगा दुकानात. "परत बंद पडतोय." परत गेलो. टेबलाखाली पांढऱ्या मलमलीचं, बारीक फुलाफुलांचं कव्हर. बाह्या नाहीत. काकू कौतुकानं बघत उभ्या होत्या.

"तुमी म्हणला ते बराब्बर हुतं," त्या म्हणाल्या. "त्ये हिवाळ्याचं हुतं. ह्ये उन्हाळ्याचं."

मी स्क्रू हुडकायला गेलो तो बराच वेळ वर आलो नाही.

* * *

धुळीवरून आठवलं. धूळ काढायला आम्ही एक छोटा ब्लोअर वापरतो. हळू हवा मारायची, पंख्याला बोट लावून धरायचं, असं नाजूक काम असतं ते. एक पैलवान दुकानात बसून सादिकचं हे काम बघत होते. भला माणूस, मन लोण्यासारखं, मान मात्र नाही. म्हणजे डोकं सरळ खांद्यावरच सुरू होतं.

"एवढंच करायचं असतंय व्हय?" पैलवान म्हणाले. "मग हितपत्तूर कशाला यायचं?"

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मशीन पिशवीत होतं. म्हणजे कापडी पिशवीत, सुटं. सादिकनं एकेक तुकडा टेबलावर मांडला. पंख्याची पाती वेगळी, वायरी उपसलेल्या, मेमरीची पट्टी कागदाच्या पुडीत.

"पैलवान, कुस्ती केली का हो याच्याशी?" माझ्या तोंडून निसटलंच. सादिकनं डोळे वटारले.

पैलवान ओशाळले. झालं होतं असं. त्यांनी डबा बुलेटच्या टाकीवर ठेवून हायवेच्या पंक्चरवाल्याकडं नेला होता. तिथं ट्रकच्या टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर. पैलवान म्हणाले, मार हवा. त्यानं नळी लावली, आणि पत्रा सोडून सगळं उडालं. समोर उसाचा ट्रॅक्टर उभा होता, पंखा त्याच्या ट्रॉलीत सापडला.

"अहो, पण त्या पंक्चरवाल्यानं तरी काही विचारायचं ना!" मी म्हटलं.

"इचारलं की," पैलवान म्हणाले. "म्हणाला, पावणं, किती भरू?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"आता मला काय म्हाईत! म्हटलं, बुलेटला मारतोस तेवढी मार."

* * *

मुरगूडजवळच्या एका वस्तीवरून फोन आला. म्हातारे आप्पा, त्यांचा बी.कॉम.चा मुलगा, आणि गोठ्यात मुऱ्हा म्हशी. मुलाचा कॉम्प्युटर अडकत होता. मी घरात शिरायला लागलो, तर मुलगा म्हणाला, "तिकडं न्हाय दादा, हिकडं."

गोठ्यात! आमच्या भागात माणसाला पंखा असो नसो, म्हशीला असतो. इथं तर भिंतीला लावलेला दांडगा फॅन, वर पाण्याचा बारीक फवारा, खाली रबरी मॅट. आप्पा स्वतः बाहेर पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. मुलानं विचार केला, अख्ख्या वस्तीत एवढा गारवा दुसरीकडं कुठं आहे? गव्हाणीच्या कडेला फळी ठोकून त्यानं कॉम्प्युटर मांडला होता. म्हशी रवंथ करत पडद्याकडं बघत होत्या.

पत्रा उघडला तर आत वैरणीचा भुसा, म्हशीचे केस आणि शेपटीनं मारलेले शेणाचे शिंतोडे. सगळं साफ केलं. फवारा बंद करायला लावला आणि मुलाला सांगितलं, फॅनचं तोंड जरा मशिनकडं वळवलंस तर अजिबात तापणार नाही. तापला नाही! मुलगा खूश.

आठवड्यानं आप्पांचा फोन. "तुमी काय करून गेला वो? मोठी म्हस दूध कमी करायला लागलीया."

"म्हणजे?"

"वारं सगळं त्या डबड्याला! ती उभी घामाघूम!"

मागून मुलाचा आवाज आला, "आप्पा, कॉम्प्युटरलाबी वारं लागतंयच की!"

त्यावर आप्पांनी फोन तसाच धरून मुलाला विचारलं, "किती लिटर देतोय त्यो?"

फोनवर एक बरं असतं, स्क्रू हुडकावा लागत नाही.

* * *

एक रिटायर्ड मास्तर. वाचन दांडगं, आणि वाचलेलं करून बघायची खोडही दांडगी. त्यांनी कुठंतरी वाचलं की प्रोसेसर आणि त्याच्या वरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्या मध्ये एक गारवा देणारा लेप असतो, तो वाळला की मशीन तापतं. हे खरं आहे. आम्ही तो लेप विकतोही.

मास्तरांनी तो आमच्याकडून घेतला नाही. मशीन बंद पडायला लागलं तेव्हा मात्र आमच्याकडं घेऊन आले. सादिकनं ठोकळा उचलला आणि दुकानभर वास दरवळला. पलीकडच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून विचारलं, "पूजा हाय काय आज?"

चंदन! सहाणेवर उगाळलेलं, अस्सल, चांगलं जाड थापलेलं, आणि आता भाजून त्याची खपली झालेली.

"सर, चंदन?" सादिक म्हणाला. तो कधी हसत नाही, पण त्याचा आवाज चिरकला.

"लेप थंडावा देणारा हवा, असं स्पष्ट लिहिलं होतं," मास्तर म्हणाले. "याहून थंड काही असेल तर दाखवा."

सादिकनं खपली खरवडून नेहमीचा करडा लेप लावला. मास्तरांनी बोटावर घेऊन तो हुंगला, नाक मुरडलं.

"चालेल कदाचित," ते म्हणाले. "पण प्रसन्न वाटत नाही!"

* * *

चंदगडच्या एका गिऱ्हाइकाचं मशीन एसटीच्या पार्सलनं आलं. हलवलं तर आत खळखळ वाजलं. मला वाटलं, स्क्रू सुटलेत. पत्रा काढला आणि टेबलभर तांदूळ!

फोन लावला. "अहो, आत तांदूळ कसे काय?"

"घातल्यात."

"कुणी?"

"मीच! आमच्याकडं दमट लई. मोबाईल भिजला की तांदळात ठेवत्यात का न्हाय? मग म्हटलं, ह्याला तांदळात ठिवायला एवढं मोठं पिंप कुठनं आणू? त्यापरास तांदूळच ह्याच्यात घालू."

हिशेब चोख होता, तो नाकारता येत नव्हता. फक्त पंखा तांदळात रुतून बसला होता आणि मशीन चुलीसारखं तापत होतं. मी त्यांना समजावलं, की दमट हवेपेक्षा हे वाईट. ते "व्हय व्हय" म्हणत राहिले. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, एक इचारू? मशीन कवाबी द्या. तांदूळ आदी पाठवा. वासाचा घनसाळ हाय!"

* * *

सगळ्यांत समजूतदार गिऱ्हाईक म्हणजे फुलेवाडीचे एक साहेब. मी त्यांना सहज म्हटलं, की खोलीच थंड असेल तर कॉम्प्युटरला काहीच त्रास नाही. साहेबांनी मनावर घेतलं. बायकोचा विरोध, आईचा विरोध, सगळ्यांना एकच उत्तर, "चैनीसाठी न्हाय, कॉम्प्युटरसाठी घेतोय." आणि एसी आला!

आम्हाला धन्यता वाटली. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

मे महिन्याच्या मध्यावर साहेबांचा फोन. कॉम्प्युटर तापून बंद पडतोय.

"एसी बिघडला का?"

"न्हाय न्हाय. एसी झकास हाय."

मी गेलो. दारातून आत शिरलो तर बोळात, चपलांच्या मांडणीशेजारी, पश्चिमेच्या उन्हात कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढं बनियनवर साहेब, घामानं निथळत काम करत बसलेले. खोलीचं दार बंद. मी दार किलकिलं केलं. आत गार काळोख, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं. आई, सासू, साडू, साडूची मुलं, इचलकरंजीची आत्या, सगळे चादरी घेऊन आडवे.

"कॉम्प्युटर बाहेर का काढला साहेब?"

साहेबांनी कपाळ पुसलं आणि हळूच दार लावून घेतलं.

"जागा न्हाय वो आत," ते म्हणाले. "एसी घेतल्यापासनं पावणं लई."

* * *

आणि आता बावड्याचा.

कसबा बावड्यात नव्या घरांच्या ओळीत एक कुटुंब राहतं. तात्या, त्यांच्या कारभारीण अक्का, मुलगा, आणि सून पूजा. मुलगा शिफ्टच्या नोकरीत, दिवसा फारसा घरी नसतो. पूजा एम.कॉम. झालेली, हुशार पोरगी. लग्नाआधी पुण्यात नोकरी करत होती, ती सोडून आली, आणि तीन वर्षं घरबसल्या नोकरी शोधत होती. हरेक ठिकाणी एकच उत्तर, पुण्याला येऊन राहा. शेवटी एका कंपनीनं बोलावलं. काम घरूनच. शुक्रवारी सकाळी ऑनलाईन परीक्षा, त्याच बैठकीत मुलाखत. पूजानं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता. "दादा, ही नोकरी गेली तर परत कोण इचारणार न्हाय मला. आणि हे मशीन दर घटकेला बंद पडतंय!"

मी गेलो. उन्हाळा म्हणून मीच त्यांना बाजूचा पत्रा काढून ठेवायला सांगितला होता. मधे घरची सगळी मंडळी जत्रेला गावी जाऊन आली. मी आत बॅटरी मारली, आणि पंखा का फिरत नाही ते दिसलं. पंख्याची पाती आणि खालचा ठोकळा यांना धरून मातीचं गुळगुळीत, मडक्यासारखं घरटं. कुंभारीण! ती कमरेला बारीक, मातीचं घर बांधणारी माशी हो.

मी पूजाला म्हटलं, "काही नाही, एवढं फोडलं की झालं," आणि स्क्रू ड्रायव्हर पुढं केला.

"हात लावशील तर बघ!"

स्वयंपाकघराच्या दारात अक्का. हाताला भाकरीचं पीठ. कुंभारणीनं घरात घर बांधलं की त्या घरात पाळणा हलतो, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला.

"तीन वरसं झाली वाट बघतोय," अक्का म्हणाल्या. "आज ती आपल्या पायानं आली, घर बांधलं, आणि तू फोडतूस व्हय रं?"

"आत्या, शुक्रवारी माझी मुलाखत हाय!" पूजा रडकुंडीला आली. सासूला ती आत्या म्हणते.

"मुलाखत फुडल्या शुक्रवारी घ्या म्हणावं त्यास्नी. माणसांस्नी सांगता येतंय. कुंभारणीला कसं सांगू?"

मी सादिकला फोन लावला. तो म्हणाला, आपलं दुसरं मशीन दे. पण कंपनीनं परीक्षेचं सॉफ्टवेअर याच मशिनवर टाकून दिलेलं, दुसरीकडं ते उघडणार नव्हतं. पंखाच घरट्यासकट बदल, म्हणाला. तेही जमेना, घरटं पंखा आणि ठोकळा दोन्हीला चिकटलेलं, उचललं की फुटणार. तात्या हळूच म्हणाले, "अगं, पोरीची नोकरी..." अक्कांनी नुसतं बघितलं, आणि तात्या पेपर वाचायला लागले.

शेवटी तह झाला. घरट्याला हात लावायचा नाही. उघड्या बाजूला टेबल फॅन लावायचा, आणि मी शुक्रवारी शेजारी बसून लक्ष ठेवायचं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल असं करून ठेवलं. हिरवा आहे तोवर ठीक, तांबडा झाला की खेळ खलास.

शुक्रवार उजाडला. पूजा इस्त्रीची साडी नेसून बसली. पडद्यावर पुण्याचे तिघं, मधे चष्मेवाल्या मॅडम. टेबल फॅन भणाणत होता. पोरीनं काय उत्तरं दिली! मला त्यातलं जीएसटीसुद्धा कळत नाही, पण मॅडम मान डोलवत होत्या एवढं कळत होतं. निम्मी परीक्षा झाली. आकडा हिरवा.

आणि लाईट गेली.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. टेबल फॅनचं बटण इन्व्हर्टरवर नव्हतं. तो गरगरत थांबला. तात्यांनी उडी मारून सूप आणलं, मी कॅलेंडर ओढलं, आणि आम्ही दोघं दोन्हीकडून वारा घालायला लागलो. सुपातला कोंडा उडाला. पूजाचे केस उडायला लागले, पदर फडफडायला लागला.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे वारा फार सुटलाय का?"

"हो मॅडम," पूजा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "कोल्हापूरला या दिवसांत असतो."

आकडा चढत होता. तात्यांना दम लागला. आकडा पिवळा झाला, मग तांबडा. पूजा बोलता बोलता अडखळली. तिनं मान वळवून एकदाच अक्कांकडं बघितलं. परत पडद्याकडं बघून पुढचं उत्तर द्यायला लागली, पण तिचा आवाज भिजला होता.

अक्का पुढं आल्या. हातातल्या बांगड्या मागं सारल्या. घरट्याला हात जोडले.

"बाई गं," अगदी हळू म्हणाल्या, "माती गावभर पडलीया, तू परत बांधशील. माझ्या पोरीला परत कोण बोलवायचं न्हाय." आणि चिमटीत धरून ते घरटं काडकन मोडलं.

सुटा झालेला पंखा फर्रकन फिरला, सगळी माती भुसकन उडाली ती सूप धरून बसलेल्या तात्यांच्या तोंडावर! तात्या असे काही शिंकले की पुण्याला ऐकू गेलं.

"मागे काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम," पूजा म्हणाली. आकडा खाली येत होता आणि तिचा चेहरा फुलत होता. "घरी थोडं बांधकाम होतं. ते काढलं."

पुढच्याच आठवड्यात पूजाची स्कूटी दुकानासमोर थांबली. मागं अक्का, मांडीवर पेढ्यांचा पुडा. नोकरी लागली होती! पूजानं पेन ड्राईव्ह सादिकच्या हातात दिला. कंपनीचं पत्र होतं, छापून, सही करून परत पाठवायचं होतं. सादिकनं छापायला घेतलं. माझ्या तोंडात पेढा होता, तरी मला राहवेना.

"अगं, पण घरी प्रिंटर आहे की तुमच्या! दिवाळीत मीच बसवून दिलाय. तेवढ्यासाठी एवढ्या उन्हात आलात?"

पूजा खाली बघून हसायला लागली. उत्तर अक्कांनी दिलं, सादिकच्या तळहातावर दुसरा पेढा ठेवता ठेवता.

"प्रिंटरला आता पावसाळ्यापत्तूर कुणी हात लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्या खेपंला तिनं दोन खोल्या काढल्यात."